म्हणे पोर्तुगाल तटस्थ होता!

खवचट_खलाशी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की बोअर युद्धात (दक्षिण आफ्रिकेतलं इंग्रज विरुद्ध डच वंशाचे बोअर) पोर्तुगालने मोझांबिकमधलं आपलं लोरेन्सो मार्किश बंदर (आजचं मापुतो) 'निष्पक्षपणे' चालवलं. निष्पक्ष? युद्ध पेटलं ११ ऑक्टोबर १८९९ ला. १४ तारखेला लंडनमध्ये इंग्लंडचे पंतप्रधान सॉल्सबरी आणि पोर्तुगीज राजदूत सोवेराल यांच्या गुपचूप सह्या झाल्या. ट्रान्सवालची, म्हणजे बोअरांच्या प्रजासत्ताकाची, शस्त्रं या बंदरातून सोडायची नाहीत, बदल्यात इंग्लंड पोर्तुगालच्या वसाहती राखणार. त्याआधी ऑगस्टमध्ये बोअरांची काडतुसं अडवून ठेवली होतीच.

जुने_दप्तर: आणि पुढे सोडलीही, ते सोयीने गाळलंत. लिस्बनची तिजोरी रिकामी. ३० ऑगस्ट १८९८ ला इंग्लंड-जर्मनीने पोर्तुगालच्या वसाहतींची आपसात वाटणी ठरवून ठेवलेली. सोवेरालने सही केली नसती तर काय, तुम्ही आरमार पाठवणार होतात?

मिठागरवाला: पोर्तुगालची कीव नका करू हो! १८७८ च्या तहात याच लिस्बनने वर्षाला ४ लाख रुपयांवर गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आमची आगरं त्यात बसली. माझी पणजी मरेपर्यंत शिव्या घालायची.

खवचट_खलाशी: मीठ कुठून आलं मध्येच?

मिठागरवाला: पुस्तकी लोकांना नाही कळायचं. रक्कम दिसली की वसाहत गहाण, हीच त्यांची रीत. तिकडे बंदर, इकडे मीठ.

जुने_दप्तर: १८९२ ला संपला तो तह. किती वर्षं उगाळणार?

मिठागरवाला: तुमच्या घरचं आगर गेलं असतं म्हणजे विचारलं असतं! इंग्रजांचे शिपाई आमच्या मिठावर पहारा करायचे, माहितीय?

जुने_दप्तर: बरं. खलाशीबुवा, बंदर एवढं कडेकोट बंद होतं, तर डिसेंबरात इंग्रज युद्धनौकेने याच बंदराकडे निघालेली 'बुंडेसराट' ही जर्मन टपालबोट धरून डर्बनला का नेली? झडतीत शस्त्रं निघाली नाहीत. तटस्थ बंदराकडे निघालेला माल निषिद्ध युद्धसामग्री ठरूच शकत नाही, असं बर्लिनने ठणकावलं. सॉल्सबरी म्हणे, माल शेवटी कुठे पोचणार ते बघू. जानेवारीत बोट सोडली, वर भरपाईही मोजली.

खवचट_खलाशी: म्हणजे सही घेऊनही लंडनचा भरवसा नव्हता. तेवढं तुमचं खरं, घ्या, खूश? पण कुणाचा भरवसा नसणं म्हणजे तटस्थता नव्हे.

मिठागरवाला: मिठाचं राहिलंच.

खवचट_खलाशी: वेगळा धागा काढा!

मिठागरवाला: काढलाय. या भांडायला.