बर्लिनमध्ये नाझी राजवटीच्या कोणत्या खुणा उरल्या आहेत?

प्रश्न: बॉम्बवर्षाव आणि युद्धानंतरची पाडापाडी यांतून नाझी काळातील कोणत्या वास्तू वाचल्या आणि आज त्यांचा उपयोग कशासाठी होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: विल्हेल्मस्ट्रास या रस्त्यावरील, हिटलरचा हवाईमंत्री गोअरिंग याचे हवाई मंत्रालय बव्हंशी शाबूत राहिले. १९४९ मध्ये पूर्व जर्मनीची स्थापना याच इमारतीत झाली आणि आता तेथे अर्थ मंत्रालय आहे.

प्रतिसाद २: माझ्या मते सर्वांत बोलकी खूण टेम्पलहोफजवळ आहे. हिटलरला हव्या असलेल्या अवाढव्य विजय कमानीचा भार तेथील जमीन पेलेल का, हे तपासण्यासाठी १९४१-४२ मध्ये सुमारे १२,६५० टन वजनाचा काँक्रीटचा दंडगोल उभारण्यात आला आणि तो तीन वर्षांत सुमारे १९ सेंटिमीटर खचला. कमान कधीच झाली नाही. आजूबाजूला घरे असल्याने सुरुंग लावून तो उडवताही येईना. आता ते संरक्षित स्मारक आहे. अवश्य पाहावे.

प्रतिसाद ३: हिटलरच्या बंकरच्या जागी मात्र साधा वाहनतळ असून माहितीफलकही २००६ मध्येच लागला. तेथे भव्य असे काही उभारले नाही, हे मला योग्यच वाटते. त्यापेक्षा गेस्टापो या नाझी गुप्त पोलीस दलाच्या मुख्यालयाच्या जागेवरील ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’ या प्रदर्शनाला पुरेसा वेळ द्यावा. छळ करणाऱ्या यंत्रणेचे काम कार्यालयांतून कसे चाले, हे तेथे कागदपत्रांनिशी समजते.