तांबेरा न येणारा गहू खरंच असतो का? की दोन-चार वर्षांचाच खेळ?

गोदाकाठ_शेती:
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमचा दोन एकर गहू असतो, घरचंच लोकवन बियाणं. यंदा पेरणी डिसेंबरात गेली, मग जानेवारीत ढगाळ हवा अन् सकाळी दव, पानांवर नारिंगी पुरळ उठले, हात फिरवला की बोटं विटकरी व्हायची. दाणा बारीक राहिला, फार वाईट वाटलं. दुकानदार म्हणतो प्रतिबंधक वाण घ्या, परत तांबेरा दिसणार नाही. हे खरंय का? आणि रोग बियाण्यातून येतो का, काड जाळून टाकू का?

पीक_डॉक्टर:
दादा काड जाळू नका, काही उपयोग नाही. तांबेरा हा बुरशीचा रोग, तो बियाण्यातून येत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात त्याचे बीजाणू तगत पण नाहीत. दक्षिणेतल्या निलगिरी, पळणीच्या थंड डोंगरात तो तग धरतो, तिथून वाऱ्यावर येतो अन् पावसाबरोबर शेतात उतरतो. म्हणजे दरवर्षी बाहेरून नवा.
आता प्रतिबंधक वाण म्हणजे काय, तर गव्हातलं एखादं जनुक बुरशीचं एखादं प्रथिन ओळखतं, ओळखलं की तिथल्या पेशी स्वतःच मरतात, आणि या बुरशीला जिवंत पेशीच लागते म्हणून ती तिथंच उपाशी मरते. पण बुरशीत छोटा बदल झाला की ओळख पटत नाही, आणि मग अख्खा वाण एकदम उघडा पडतो. राय धान्यातून आणलेलं एसआर३१ हे जनुक काळ्या, म्हणजे खोडावरच्या तांबेऱ्यावर जगभर कित्येक वर्षं चाललं, १९९८ ला युगांडात त्याला न जुमानणारी बुरशी सापडली, तीच यूजी९९.

रब्बीवाला:
पंजाबात पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाचं असंच झालं. जिकडंतिकडं तोच एक गहू, आणि पिवळ्या तांबेऱ्याची नवी जात आली. माझं मत स्पष्ट आहे, गावभर एकच वाण लावणं हेच मूळ दुखणं.

कृष्णाकाठ:
आमच्याकडं खपली हा जुना गहू असतो, सांगली भागात. आजोबा म्हणायचे खपलीला तांबेरा शिवत नाही. नंतर कळलं की खपलीतलीच एसआर१३ आणि एसआर१४ ही काळ्या तांबेऱ्याची जनुकं परदेशातल्या गव्हात नेलीत, मला तर वाचून अभिमानच वाटला. पण दाण्याचं टरफल निघायला त्रास, आणि पीक उशिरा येतं, हेही खरं.

गोदाकाठ_शेती:
मग टिकाऊ असं काहीच नाही का?

पीक_डॉक्टर:
आहे ना. एलआर३४ सारखी जनुकं रोग पूर्ण थांबवत नाहीत, पुरळ येतात पण कमी आणि सावकाश, तोवर दाणा भरतो. बुरशीवर एकदम सगळी वाट बंद होत नाही म्हणून ती तोडायला तिला जड जातं, दशकानुदशकं टिकलंय ते. अशी दोन-तीन एकत्र असली तर उत्तम. त्यामुळं पानावर चार ठिपके दिसले म्हणून वाण फसला असं समजू नका. तुमच्या जवळच निफाडला कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आहे, तिथलेच तपोवन, फुले समाधान हे वाण बघा, आणि पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका, उशिराच्या गव्हाला तांबेरा जास्त गाठतो.

गोदाकाठ_शेती:
बरं झालं विचारलं. एक एकर फुले समाधान, एक एकर तपोवन करतो, सोमवारी केंद्रावर जाऊन येतो. काड गुरांनाच.