टुकार, अचाट की अफलातून? : एका सिनेमाप्रकाराचं मराठी नाव

प्रश्न
परदेशी, तुटपुंज्या पैशांत काढलेला, मारामारी आणि विनोदाची खिचडी केलेला, आणि इतका हास्यास्पद की चारचौघांत बसून पाहिला तर हसून पोट दुखावं, अशा सिनेमाला मराठीत काय म्हणायचं? 'टुकार' म्हटलं तर मित्र बघायलाच येत नाहीत. 'विनोदी मारधाडपट' म्हटलं तर तो खरोखरच चांगला असेल अशा समजुतीने येतात आणि दहाव्या मिनिटाला मोबाईल काढतात.

प्रतिसाद १
'अचाट'. मूळ अर्थ प्रमाणाबाहेरचं, आवाक्यापलीकडचं: अचाट ताकद, अचाट धाडस. शब्दात निंदा नाही आणि स्तुतीही पुरती नाही. 'अचाट आणि अतर्क्य' ही जोडी तर अशा सिनेमांसाठी रुळलेलीच आहे. 'अतर्क्य' म्हणजे तर्काने गाठता न येणारं. नायक एका गोळीत तीन माणसं पाडतो ते अचाट. पाडलेल्यांपैकी एक पुढच्या दृश्यात कपडे बदलून परत येतो ते अतर्क्य.

प्रतिसाद २
'अफलातून' का नको? हा मुळात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याचा 'अफलातून' झाला, आणि फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे येईपर्यंत तत्त्वज्ञान गळून नुसता विक्षिप्तपणा उरला. त्याच्या नावाने कागदी दाढीवाल्या निंजाचं वर्णन व्हावं यात एक वेगळीच मजा आहे.

प्रतिसाद ३
मजा आहे, पण 'अफलातून' आता सरळ कौतुकाचा शब्द झालाय, तिथे गल्लत होईल.

शब्द शोधण्याआधी दोन जाती वेगळ्या करायला हव्यात. फ्रेंचांनी ते केलंय. नुसत्या रटाळ, वाईट सिनेमाला ते 'नाव्हे' म्हणतात, शब्दशः सलगम. वाईट असूनही ज्यावर जीव जडतो त्याला 'नानार'. आपल्याकडे पहिल्यासाठी टुकार, भिकार, रद्दी, पाणचट असे ढीगभर शब्द आहेत, दुसऱ्यासाठी एकही हक्काचा नाही.

त्यातही पोटभेद आहे. काहींचं हसू अनवधानाने निघतं: दिग्दर्शक गंभीर असतो, पैसे आणि वेळ दगा देतात. काही जण मुद्दाम तसं काढतात. मुद्दाम काढलेला लवकर शिळा होतो, कारण प्रत्येक चुकीमागे डोळा मारणारा माणूस दिसत राहतो. 2015 चा स्वीडिश 'कुंग फ्युरी' लोकवर्गणीतून निघाला आणि जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. ही लांबी शहाणपणाची, हाच मसाला दीड तास टिकला नसता.

प्रतिसाद ४
'बी-ग्रेड' मात्र वापरू नका. 1930 च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत, त्यातला कमी खर्चाचा दुसरा म्हणजे 'बी'. ती जोडीतली जागा होती, गुणवत्तेची प्रत नव्हे. आपल्याकडे तर त्या शब्दाला भलताच वास लागलाय.

प्रतिसाद ५
एका उपप्रकारासाठी शब्द सुचवतो: 'ठिगळपट'. 1980 च्या दशकात हाँगकाँगचा दिग्दर्शक गॉडफ्री हो याने हा धंदा कारखान्यासारखा चालवला. स्वस्तात मिळालेला कुठलातरी आशियाई सिनेमा घ्यायचा, त्यात रंगीत पोशाखातल्या निंजांची नवी दृश्यं घुसवायची आणि सगळ्यावर इंग्रजी संवाद चढवायचे. ठिगळ ओळखायची खूण म्हणजे टेलिफोन. जुन्या सिनेमातला माणूस आणि नव्या दृश्यातला माणूस एका चौकटीत येऊच शकत नाहीत, म्हणून सगळी कथा फोनवर पुढे सरकते. 1982 च्या एका तुर्की अवकाशपटात तर अमेरिकी सिनेमातली यानं परवानगीशिवाय उचलून चिकटवली होती. तोही ठिगळपटच.

प्रतिसाद ६
ठिगळपट पसंत. 'ढिशुम'बद्दलही बोलू. हा नादानुकारी शब्द ज्या ठोशाच्या आवाजाचा आहे तो बहुधा नंतर भरलेला असतो. चित्रीकरण मुकं, आवाज स्टुडिओत. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) धरल्या तर एक चौकट सुमारे 42 मिलिसेकंदांची. आवाज तीन चौकटी मागे पडला तरी पुष्कळांना चालून जातो, पण दोन चौकटी आधी आला तर लगेच खटकतो, कारण निसर्गात आवाज दृश्याच्या आधी कधी पोचत नाही. मारामारी 22 चौकटींनी टिपून 24 ने दाखवली की हालचाल नऊ टक्के जलद होते. संशय आला तर हाताकडे पाहू नका, धूळ आणि कपड्यांची टोकं पाहा. ती घाईघाईने खाली येतात. याला साधं 'पळवलेलं' म्हणावं.

प्रतिसाद ७
इथे एक व्यावहारिक खुलासा. सगळेच संवाद सारख्याच अंतराने चुकत असतील तर दोष सिनेमाचा नाही, तुमच्या प्लेयरचा. व्हीएलसी या प्लेयरमध्ये जे आणि के या कळा आवाज 50 मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी सरकवतात. दर दृश्यात चूक वेगळी असेल तर ते डबिंगच तसं, हात लावू नका, पैसे त्याचेच दिलेत. उपशीर्षकं सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे सरकत जाणारी असतील तर ती वेगळ्या चौकट-वेगाच्या प्रतीसाठी केलेली असतात. सेकंदाला 23.976 आणि 25 चौकटी यांच्या फरकाने दीड तासात साडेतीन मिनिटांहून जास्त तफावत पडते. तिथे उपशीर्षकांचा वेग बदलावा लागतो, नुसतं सरकवून भागत नाही.

आणि मंडळी जमवून पाहणार असाल तर शक्यतो डब केलेली प्रत घ्या. उपशीर्षकं वाचताना डोळे तळाशी खिळतात, मागे पडलेला पुठ्ठ्याचा खांब निसटतो, आणि शेरे मारायला तोंड मोकळं राहत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
शेऱ्यांवरून आठवलं: पाहताना आपण करतो ती खिल्ली, टर, टवाळी की शेरेबाजी?

प्रतिसाद ३
'टर उडवणे' यात समोरचा हतबल असतो. 'टवाळी'त वेळ घालवण्याचा रिकामपणा आहे. 'खिल्ली'त तुच्छता डोकावते. 'शेरेबाजी' सर्वांत जवळची, कारण शेरा पाहिल्याशिवाय मारता येत नाही. युगांडात हे काम करणारा माणूसच नेमलेला असतो, त्याला 'व्हिडिओ जोकर' म्हणतात. व्हिडिओगृहांत परदेशी सिनेमा चालू असताना तो लुगांडा भाषेत अर्थ सांगत मध्येच थट्टाही करतो. कंपालातल्या वाकालिगा वस्तीत आयझॅक नाब्वाना जे अतिकमी खर्चाचे मारधाडपट काढतो, त्यांच्या ध्वनिपट्टीतच या जोकरचा आवाज असतो. म्हणजे शेरेबाजी सिनेमासकट मिळते.

प्रतिसाद २
मग त्याला मराठीत 'सूत्रधार' म्हणायचं का?

प्रतिसाद ३
सूत्रधार शिस्तीचा. हा अर्धा सूत्रधार, अर्धा सोंगाड्या.

मूळ प्रश्नकर्ता
सध्या 'अचाटपट' घेतो. 'चित्रपट', 'बोलपट' यांच्या रांगेत बसतो आणि बोलावणं करताना फसवणूकही होत नाही. अनेकवचनही 'अचाटपट'च राहील ना?

प्रतिसाद १
हो. एक बोलपट, दहा बोलपट. तसंच.