कमी खर्चात जंप-ब्रेक क्यू: एकत्र घ्यावा की वेगवेगळे?

कोथरूडकर

नमस्कार. बारा वर्षे स्नूकर खेळल्यानंतर गेल्या वर्षापासून मी नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराकडे वळलो आहे. स्नूकरमध्ये मधल्या बॉलवरून पांढरा बॉल उडवणे हा फाउल असल्यामुळे माझ्या हाताला जंपची सवयच नाही. वाट अडली की मी कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) फिरवून मारतो, ते चुकले की समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळण्याची मुभा मिळते, आणि बहुतेक वेळा रॅक (डाव) तिथेच हातचा जातो.

दुसरी अडचण ब्रेकची आहे. मी ब्रेकसुद्धा, म्हणजे डाव उघडणारा पहिला फटका, खेळण्याच्या क्यूनेच (काठीनेच) करतो. गेल्या महिन्यात त्याच्या टोकावरची चामड्याची टिप कडांनी आळंबीसारखी पसरली आणि ती नवीन बसवून घ्यावी लागली. आता दहा हजार रुपयांच्या आत काहीतरी घ्यावे असा विचार आहे. तीन तुकड्यांचा एकत्र जंप-ब्रेक क्यू घ्यावा, की दोन वेगळे क्यू घ्यावेत? टिप फिनोलिक (कडक रेझिनची) असावी का? बहीण डिसेंबरमध्ये अमेरिकेतून येणार आहे, त्यामुळे तिकडून मागवणेही शक्य आहे.

मेपल

सुरुवातीला तीन तुकड्यांचा क्यू पुरेसा आहे, असे माझे मत आहे. मी स्वतः चार वर्षे तसाच क्यू वापरतो. ब्रेकसाठी तो पूर्ण जोडायचा आणि जंपसाठी मागचा जड तुकडा काढून टाकायचा, एवढेच काम असते.

हा तुकडा काढल्याने नेमके काय साधते, हे समजून घेतले तर निवड सोपी होईल. जंपमध्ये आपण बॉल खालून उचलत नाही, तसे करणे फाउलच आहे. क्यू तिरका धरून बॉलवर वरून आघात करतो. बॉल कापडाखालच्या स्लेटवर दाबला जातो आणि उसळतो. तो उसळत असताना क्यू त्याच्या वाटेत राहता कामा नये. हलका क्यू आघातासरशी थबकतो आणि बॉलला मोकळी वाट मिळते, तर जड क्यू पुढे रेटत राहतो आणि बॉल टिप व स्लेट यांच्यात अडकतो. म्हणूनच खास जंप क्यू साधारण ७ ते १० औंसांचे, म्हणजे २०० ते २८० ग्रॅमच्या आसपास असतात, तर ब्रेकचे क्यू १८ ते २१ औंसांचे. टिप कडक असेल तर बॉल अधिक लवकर सुटतो आणि उसळीही जास्त मिळते, त्यामुळे दोन्ही कामांसाठी फिनोलिक टिप चालते.

दादर पश्चिम

'मेपल' यांनी यंत्रणा अचूक सांगितली आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते ब्रेकच्या क्यूवर घालवूच नयेत. ब्रेकचा वेगळा क्यू घेण्याचे मुख्य कारण खेळण्याच्या क्यूची टिप वाचवणे हे आहे, आणि ते काम क्लबमधला जुना, सरळ, एकसंध पूल क्यू विकत घेऊन त्यावर कडक टिप बसवून घेतली तरी उत्तम होते. क्यू जड असला की ब्रेक जोरात बसतो, हा समजही सोडून द्यावा. वजन वाढले की हाताचा वेग कमी होतो, म्हणून ज्या वजनाने पांढरा बॉल पहिल्या बॉलवर बरोबर मधोमध आदळतो आणि टेबलाच्या मध्यावर थांबतो, ते वजन आपले. माझे स्वतःचे १९ औंसांचे आहे, पण ते तुमचे असेलच असे नाही.

जंपच्या बाबतीत मात्र साधन खरोखर फरक पाडते, त्यामुळे उरलेली सगळी रक्कम तिथे घालावी. स्वस्त तीन-तुकडी क्यूंमध्ये शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) ब्रेकच्या हिशेबाने जाड आणि पुढून जड ठेवलेला असतो. बॉल उडतो, पण जवळचा अडथळा ओलांडायला लागणारी चटकन उसळी मिळत नाही.

विकत घेण्यापूर्वी मोजपट्टी लावून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जागतिक पूल संघटनेच्या नियमाप्रमाणे क्यू किमान ४० इंच लांब असला पाहिजे आणि टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. शाफ्ट २९ इंचांचा आणि जंपसाठी त्याच्या मागे राहणारी मूठ १२ इंचांची असेल तर ४१ इंच होतात, म्हणजे बेताचेच. मूठ थोडी जरी आखूड असली तरी तो क्यू स्पर्धेत बाद ठरू शकतो.

फिनोलिक टिपबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. चांगले पूल बॉलही फिनोलिक रेझिनचेच असतात, म्हणजे टिप जवळपास बॉलइतकीच कडक असते. घसरू नये म्हणून टिपेवर घासायचा खडू ती धरत नाही, आघात मध्यापासून सरकला की घसरते, आणि पांढऱ्या बॉलवर बारीक खुणा उमटवते. त्यामुळे काही ठिकाणी ती वापरू देत नाहीत. आधी आपल्या क्लबला विचारावे.

सॅन होजेहून

बहिणीकडून मागवणार असाल तर इकडे साध्या बनावटीचे जंप-ब्रेक क्यू शंभर ते दीडशे डॉलरपर्यंत मिळतात. नामांकित कंपन्यांच्या कार्बन शाफ्टच्या क्यूंना मात्र काहीशे डॉलर मोजावे लागतात. वापरलेला क्यू मिळाला तर अवश्य घ्यावा, फक्त शाफ्ट आणि बट (मागचा भाग) वेगवेगळे टेबलावर फिरवून पाहावेत, कारण जोडलेल्या क्यूमध्ये एकाचा वाक दुसऱ्यामुळे झाकला जाऊ शकतो. विमानात क्यू हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, म्हणून बॅगेची लांबी आधी मोजायला तिला सांगा. पावसाळ्यात क्यू भिंतीला टेकवून ठेवू नका, मेपलचे लाकूड दमटपणाने वाकते.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल एका दुकानात जाऊन मोजपट्टी लावली. विक्रेता ज्याला जंप क्यू म्हणत होता तो साडेअडतीस इंच भरला, म्हणून तो तिथेच ठेवून आलो. क्लबच्या व्यवस्थापकांनी एक जुना क्यू मला स्वस्तात दिला आहे. त्यावर कडक चामड्याची टिप बसवायला दिली आहे, कारण आमच्याकडे फिनोलिक टिपेने ब्रेक करू देत नाहीत. जंपचा क्यू बहिणीकडून मागवतो. तोपर्यंत एका मित्राच्या क्यूवर सराव करता येईल, पण कापड खराब होईल अशी भीती वाटते.

दादर पश्चिम

ती भीती रास्त आहे, प्रत्येक जंपने कापडावर पांढरा ठिपका उमटतो. क्लबकडे टेबलाच्या जुन्या कापडाचा तुकडा मागा आणि पांढऱ्या बॉलखाली अंथरा. पहिले काही दिवस समोर बॉल ठेवू नका, खडूचा चौकोनी तुकडा ठेवा. तो जेमतेम पाऊण-एक इंच उंच असतो, त्यामुळे बॉल थोडासा उडाला तरी पलीकडे जातो आणि हाताला लय सापडते. क्यू साधारण ४० अंशांवर, हाताची पकड अगदी सैल, आणि नजर बॉलच्या वरच्या अर्ध्या भागावर असू द्या. खडू सलग दहा वेळा ओलांडला की मग तिथे बॉल ठेवा, पण पांढऱ्या बॉलपासून हातभर लांब.