'विश्वसनीयता' नेमकी कशाची?

तापीकाठ: गाईडबाईंनी माझ्या संशोधनाच्या आराखड्यावर शेरा मारलाय, 'विश्वसनीयता कशी तपासणार?' माझा विषय रावेर-यावलकडच्या शेतकरी बायांच्या मुलाखती. त्यात अल्फा (प्रश्नावली तपासायचा तो आकडा) काढू का काय? शिवाय 'गुणात्मक' (आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर चालणारं संशोधन) म्हटलं की घरच्यांना वाटतं, गुणवत्ता असलेलं. मग संख्यात्मकवाले काय, गुणहीन?

धुळेकर: घोळ शब्दाचा आहे, भाऊ. बी.एड.च्या पुस्तकांत रिलायबिलिटी म्हणजे विश्वसनीयता, व्हॅलिडिटी म्हणजे सप्रमाणता. केळीचा वजनकाटा आठवा. तोच घड तीनदा ठेवला, तिन्हीदा 18 किलो. काटा विश्वसनीय. पण घड खरा 20 चा असेल तर माप सप्रमाण नाही. (खान्देशातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही.) क्रॉनबॅकचा 1951 चा अल्फासुद्धा प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो. जे मोजायचं तेच मोजलं का, हे त्याला विचारू नका.

मु. पो. यावल: मुलाखतीला काटा कुठून आणणार? संशोधनपद्धतीवर लिहिणारे लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये गुणात्मकसाठी वेगळे निकष मांडले. त्यातल्या क्रेडिबिलिटीलाही (आपण लिहिलं ते बोलणाऱ्याच्या अनुभवाशी जुळतं का) मराठीत बरेच जण 'विश्वसनीयता'च म्हणतात. पाणी मुरतंय ते इथे. कारण क्रेडिबिलिटी ही व्हॅलिडिटीच्या जागी आलेली. शब्द रिलायबिलिटीचा, काम व्हॅलिडिटीचं! मी 'ग्राह्यता' लिहिते.

माझंच सांगते. एक मावशी म्हणाल्या, काही काम करत नाही. मी 'गृहिणी' लिहून मोकळी. दुसऱ्या दिवशी टिपण त्यांना अहिराणीत वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "आसं नही. मी रोज वावरमा जास." मजुरी मिळते ते काम; घरच्या वावरातली निंदणी त्यांच्या हिशेबी काम नव्हतीच. दहा वेळा तोच प्रश्न विचारला असता तर दहाही वेळा 'नाही' आलं असतं. तुमचा 18 किलोचा काटा हाच, धुळेकर.

तापीकाठ: म्हणजे बाईंना विचारावं लागेल, कुठली विश्वसनीयता हवी. आणि ताई, त्यांच्या निकषांत डिपेंडेबिलिटी पण आहे ना? त्याला काय म्हणू?

मु. पो. यावल: ती रिलायबिलिटीच्या जागची. 'भरवसा' म्हणा.

धुळेकर: भरवसा? तोंडी परीक्षेत हसतील. 'अवलंबनीयता' लिहा.

मु. पो. यावल: लिहितील हो. तोंडी परीक्षेत उच्चारणार कोण?