गोदाघाटावरचे बचावकार्य स्वयंसेवकांकडे सोपवावे काय?

गोदाकाठ (मूळ मत):
२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि पूर काही सिंहस्थाची वाट पाहत नाही. असे असूनही रामकुंड, गांधी तलाव आणि त्याखालच्या घाटांवर बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचा बराचसा भार अग्निशमन दलाचे मोजके जवान आणि घाटावरच लहानाचे मोठे झालेले पोहणारे यांच्यावर पडतो. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर १८२४ पासून काम करणारी ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ ही संस्था प्रामुख्याने लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि तिच्या बोटींवरचे बहुसंख्य लोक शिक्षक, सुतार, दुकानदार अशी आपापली कामे सांभाळणारे स्वयंसेवक असतात, जे पेजर वाजताच हातातले काम टाकून धक्क्याकडे धावतात. चिलीतील वॉल्पराइसो या बंदरात १८५१ मध्ये स्वयंसेवी अग्निशमन दल उभे राहिले आणि आजही त्या देशात आग विझवणारे लोक पगार घेत नाहीत. नाशिकमध्ये तालमी आहेत, जलतरणपटू आहेत, गडकिल्ल्यांवर दोर लावणारे गिर्यारोहक आहेत. महापालिकेने त्यांना शिकवून, ओळखपत्र देऊन प्रभागवार पथके उभारावीत, असे माझे मत आहे.

तिसरी_पाळी:
अग्निशमनाच्या नोकरीत आयुष्य गेलेला माणूस म्हणून मी या प्रस्तावाला स्पष्ट विरोध नोंदवतो. गोदाकाठ यांनी ज्या संस्थेचा दाखला दिला आहे, तिचाच कारभार नीट पाहिला तर तो त्यांच्या विरोधात जातो. ही संस्था समुद्रात जाणाऱ्या बोटींसाठी स्वयंसेवक घेते हे खरे. परंतु २००१ पासून ती समुद्रस्नानाच्या किनाऱ्यांवर जे जीवरक्षक नेमते, ते मुख्यतः पगारी असतात. कारण उघड आहे. बोलावल्यावर धावून जाणे ही एक गोष्ट झाली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यावर नजर ठेवून उभे राहणे ही दुसरी. लंडनमध्ये थेम्स नदीवर याच संस्थेचे टॉवर केंद्र २००२ पासून आहे. १९८९ मध्ये ‘मार्शनेस’ नौकेला झालेल्या अपघातात ५१ जणांचा बळी गेल्यानंतर जी फेरव्यवस्था झाली, तिच्यातून ते निघाले. तेथे पूर्णवेळ कर्मचारी स्वयंसेवकांसह बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चोवीस तास हजर असतात, कारण भर शहरातल्या नदीत पडलेल्या माणसापाशी कोणी घरून निघून पोहोचेपर्यंत वेळ उरत नाही.

रामकुंडावर नेमके हेच घडते. अस्थिविसर्जनाला आलेला माणूस शेवाळलेल्या पायरीवर घसरतो, दोन पावलांवर खोली सुरू होते, आणि सोबतचे नातेवाईक त्याला धरायला जाऊन स्वतःच पाण्यात ओढले जातात. जे काही करायचे ते एक-दोन मिनिटांत, पायरीवरच उभ्या असलेल्या, हाती दोर असलेल्या माणसाने करायचे असते. तो माणूस ‘आज दुकानात गर्दी होती’ म्हणून गैरहजर राहिला तर त्याला जाब विचारता आला पाहिजे, आणि पगार दिल्याशिवाय जाब विचारता येत नाही.

सराफबाजारकर:
तिसरी_पाळी यांचे म्हणणे घाटापुरते मान्य. पण पूर आला म्हणजे चित्र पालटते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतो. पाणी तिच्या कमरेच्या वर चढू लागले की भांडी बाजार आणि सराफ बाजारात माल माळ्यावर चढवायची धांदल सुरू होते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन बाहेर काढणारे हात शेजाऱ्यांचेच होते. सरकारी बोट एका वेळी एकाच गल्लीत शिरू शकते.

मूळचा_हर्णैचा:
नाशिकला स्थायिक झालो असलो तरी माझा जन्म कोळीवाड्यातला आहे. किनाऱ्यावर बुडत्या होडीकडे दुसरी होडी जाते, कारण होडी, इंजिन आणि वाऱ्याची जाण रोजच्या धंद्यातूनच आलेली असते. उद्या आपल्यावरही तीच वेळ येईल हे प्रत्येकाला ठाऊक असते. गोदावरीकाठच्या शहरी माणसाचे पाण्याशी असे पोटाचे नाते नाही, म्हणून किनाऱ्याची रीत येथे जशीच्या तशी रुजणार नाही.

धाडसाचे गोडवे गाताना आणखी एका घटनेचा विचार व्हावा. १९ डिसेंबर १९८१ च्या वादळी रात्री कॉर्नवॉलमधील माऊसहोल या छोट्या गावाची ‘सॉलोमन ब्राउन’ ही जीवनरक्षक बोट एका जहाजावरच्या लोकांना वाचवायला गेली आणि तिच्यावरचे आठही स्वयंसेवक बुडाले. त्या रात्री तांडेलाने एका तरुणाला बोटीवर घेतले नव्हते, कारण त्याचे वडील आधीच बोटीवर होते आणि एका घरातले दोघे न्यायचे नाहीत असे त्याने ठरवले होते. आपल्याकडे एकाच मंडळाचे सख्खे भाऊ एकाच दोराला धरून पुरात उतरतात आणि आपण टाळ्या वाजवतो.

गोदाकाठ:
मी घाटावरची नेहमीची नजर स्वयंसेवकांकडे देऊ इच्छित नाही. ती पगारीच असावी. माझा आग्रह पुराच्या आणि पर्वणीच्या दिवसांपुरता आहे. केंद्राने २०१६ मध्ये स्थानिक लोकांना आपत्तीतील बचावकार्य शिकवणारी ‘आपदा मित्र’ योजना ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवकांसाठी सुरू केली आणि पुढे ३५० जिल्हे व एक लाख स्वयंसेवकांपर्यंत तिचा विस्तार ठरवला. म्हणजे चौकट आहेच. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ जणांचा मृत्यू झाला. अशा वेळी अरुंद गल्ल्यांची खडान्खडा माहिती असलेली स्थानिक माणसे हाताशी हवीत की नकोत?

तिसरी_पाळी:
हवीत, पण दोर पकडायला नव्हे, गर्दी अडवायला आणि वाट मोकळी ठेवायला. पाण्यात उतरणाऱ्याला तीन गोष्टी आधी मिळाल्या पाहिजेत: लाइफ जॅकेट, विमा आणि ज्याचा शब्द अखेरचा असा एक प्रमुख. पुरात वाहून गेलेल्या जवानाच्या घरी निवृत्तिवेतन जाते. उत्साहाने उतरलेल्या मुलाच्या घरी पुढारी येऊन जातात. आपल्या प्रस्तावात ओळखपत्राचा उल्लेख आहे, विम्याचा नाही. हप्ता कोणत्या लेखाशीर्षातून भरायचा, हे आधी महापालिकेकडून लेखी घ्यावे. पथकांच्या याद्या त्यानंतर करता येतील.