नेट झिरोचं अनुदान घ्या म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या गच्चीवर या

नाइलाजाने_सेक्रेटरी
काल इथे एकाने टाकलंय, "सोलर पॅनेलला अनुदान मिळतंय, मुंबईतली प्रत्येक सोसायटी नेट झिरो होऊ शकते, फक्त इच्छाशक्ती पाहिजे." तेव्हापासून डोकं फिरलंय. नेट झिरो म्हणजे बिल्डिंग वर्षभरात जाळते तेवढी वीज तिनेच बनवायची. आमची मुलुंडची सात मजली बिल्डिंग, २८ फ्लॅट, गच्ची २,८०० फूट. त्यातून टाकी, लिफ्टची खोली, शेजारच्या टॉवरची सावली आणि एका मेंबरच्या कुंड्या (त्यावर बोलायचं नाही) वजा करा, उरले १,५००. म्हणजे फार तर १५ किलोवॅट. केंद्राच्या सूर्यघर योजनेत (गच्चीवरच्या सोलरची) सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० म्हणजे २ लाख ७० हजार, तेही सगळं बसवून झाल्यावर, आधी पैसे आपणच घालायचे. वीज येणार दिवसाला साधारण ६० युनिट, पावसाळ्यात तेवढीही नाही. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे निघतात त्यात, मान्य. पण २८ घरं महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जाळतात त्याचं काय? कॉमन मीटर शून्यावर आला म्हणजे बिल्डिंग नेट झिरो होत नाही हो! उठसूट दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन (पर्यावरण मंत्रालयाचं ऑफिस) दाखवतात, तिथे ९३० किलोवॅट आहेत, पैसा सरकारी, जागा सरकारी आणि इमारतच मुळात कमी वीज खाईल अशी बांधलेली. आमच्या पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात रात्री दहालाही भिंत तव्यासारखी असते, मग एसी पहाटेपर्यंत. त्या भिंतीला अनुदान कोण देतंय?

पार्लेकर
तो "एकाने" मीच. पालिकेच्या क्लायमेट प्लॅनमध्ये २०२२ पासून २०५० चं नेट झिरो (अख्ख्या शहराच्या कार्बनचं) लिहिलंय, देशाच्या २० वर्षं आधी. तुमच्यासारखे कॅल्क्युलेटर घेऊन बसले की २१५० उजाडेल. आमच्याकडे २० किलोवॅट आहेत, कॉमनचं बिल २४ हजारांवरून चारवर आलं. व्याख्या तुम्ही करत बसा.

नाइलाजाने_सेक्रेटरी
अभिनंदन, पण मग "बिल कमी झालं" म्हणा, नेट झिरो कशाला म्हणता. आता हे बघा. २८ घरांत प्रत्येकी चार पंखे, ११२ झाले. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० चा. १२ तास धरले तर दिवसाला ६० युनिट वाचतात, म्हणजे अख्ख्या गच्चीवरच्या पॅनेलएवढे! तीन हजारांनी पंखे घेतले तरी साडेतीन लाखांच्या आत काम होतं, आणि पंख्याला सोसायटीला छदाम मिळत नाही.

जुना_वायरमन
चारही पंखे १२-१२ तास? कोणाच्या घरी? हॉल आणि एक बेडरूम धरा, निम्मं करा.

नाइलाजाने_सेक्रेटरी
बरं निम्मं. ३० युनिट. तरी पैशांच्या हिशेबात हरत नाही.

सातवा_मजला
सगळे गच्चीवालेच बोलतायत म्हणून राहवत नाही. आमची पुनर्वसनाची बिल्डिंग. चाळीतून वर आलो तेव्हा लिफ्टचं कौतुक होतं, मग मेंटेनन्स थकला, कॉमनचं बिल थकलं आणि लिफ्ट बंद. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला खुर्चीत बसवून चौघांनी सात मजले वर नेलं, प्रत्येक मजल्यावर ती "ठेवा रे, दमलात" म्हणत होती. तुम्हाला ते नेट झिरो वाटो न वाटो, आमची लिफ्ट उन्हावर चालली असती. पण आधी पैसे घाला मग अनुदान, हे आमच्याकडे जमणार कसं?

पार्लेकर
बघा! हेच म्हणत होतो.

नाइलाजाने_सेक्रेटरी
तुम्ही हे म्हणत नव्हता, तुम्ही इच्छाशक्ती म्हणत होता. ताई, तुमचं शंभर टक्के पटतं, अशा ठिकाणी अनुदान आधीच हातात पडायला हवं.

जाळीवाली_काकू
पॅनेल धुतं कोण ते कोणी बोलत नाही. आमच्याकडे बसवल्यावर सहा महिन्यांत खाली कबुतरांनी संसार थाटला. काड्या, तारेचे तुकडे, खालच्या कडेला विष्ठेचा बोटभर थर, पाण्याने जात नाही, खरवडावा लागतो. वॉचमन म्हणतो माझं काम नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

पहाटेचे_दाणे
म्हणजे आता सोलरचं खापरही कबुतरांवर?

जाळीवाली_काकू
दाण्यांवर. कबुतर बिचारं काय करणार.

पहाटेचे_दाणे
माझे वडील चाळीस वर्षं दाणे टाकत होते, त्यांना काही झालं नाही. दादरचा कबुतरखाना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला त्या दिवशी मला रडू आलं. मुक्या जिवाला कोणी अनुदान देत नाही.

जुना_वायरमन
आमच्या हिच्या फुफ्फुसाला झालंय, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खिडकीत कबुतरं येतात का. तुमच्या वडिलांना काही झालं नाही म्हणून हिचा खोकला खोटा?

पहाटेचे_दाणे
तसं म्हटलं नाही मी. शब्द तोंडात घालू नका.

जुना_वायरमन
घालत नाही, तुम्ही दाणेच घाला.

सातवा_मजला
माझ्या लिफ्टचं काय झालं?

पार्लेकर
कबुतरांनी नेली. सेक्रेटरीसाहेब, तुमचं एक मान्य करतो, नाक मुठीत धरून. आमच्याकडेही पॅनेल लागल्यावर लोक बेफिकीर झाले, पॅसेजचे दिवे दिवसाढवळ्या चालू, विचारलं तर "फुकट आहे ना". पण म्हणून पॅनेल बसवायचंच नाही हे मला पटत नाही.

नाइलाजाने_सेक्रेटरी
बसवायचं नाही असं मी कुठे म्हटलं? वर वाचा. आधी पंखे, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे, गच्चीला पांढरा रंग, मग पॅनेल, एवढंच. इको निवास संहिता, म्हणजे घरांच्या वीजबचतीची केंद्राची नियमावली, २०१८ मध्ये आली, भिंतीतून उष्णता किती आत यावी ते त्यात लिहिलंय, पण ते नव्या बांधकामासाठी, जुन्यांनी तापतच राहायचं. रविवारी जनरल बॉडी आहे, पंख्यांचा ठराव मांडतोय.

जुना_वायरमन
कोरम?

नाइलाजाने_सेक्रेटरी
अर्धा तास थांबायचं आणि तीच सहा डोकी. कुंडीवाले येणार हे मात्र नक्की.

जाळीवाली_काकू
पॅनेल घेतलंत तर कबुतरं अडवायच्या जाळीचं कोटेशन त्याच दिवशी घ्या. आम्ही नंतर घेतलं, दुप्पट पडलं.